पाव सेकंदाची आरती

आमच्या समोर राहणारा रत्नाकर उशीर मोजायचा पगार घेतो. ऐकून खोटं वाटेल, पण खरं आहे. आणि हाच माणूस, मी सकाळी दुधाची पिशवी घेऊन दार वाजवलं, की उघडायला इतका वेळ लावतो की दूध तिथंच नासावं. एकदा मी तोंडावर म्हटलं, "अरे, जगाचा उशीर मोजतोस, तुझ्या दाराचा कोण मोजणार?" तर हसला आणि म्हणाला, "काकू, तुमच्याशिवाय हे दार वाजवतंच कोण?" मी आपली गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं या गल्लीत फार नाहीत.

मी स्नेहलता. झाशीत खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत लग्न होऊन आले ती इथलीच झाले. आमचे हे रेल्वेत होते, आता नाहीत. मुलगा नोएडाला. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि सून दोघांकडे बघून हसते. तेव्हा या गल्लीत मोठ्यानं मराठी बोलणारी आता मी आणि रत्नाकर, दोघंच. त्यातही तो बोलतो कमी. म्हणजे मी एकटीच म्हणा ना.

रत्नाकर सत्तेचाळीस वर्षांचा आहे. किडकिडीत, केस अर्धे पांढरे, ओट्याशी उभ्याउभ्या जेवायची सवय. "बसून जेव रे," म्हटलं की म्हणतो, "बसायला दोन माणसं लागतात काकू." लग्न झालं नाही. मुली पाहिल्या होत्या, नाशिकची पाहिली, अकोल्याची पाहिली. फोटो पसंत, पगार पसंत, आणि झाशी म्हटलं की "कळवतो". इथल्या मराठी घरांत बघावं तर घरं मोजकी, आणि सगळी एकमेकांची नात्यातली. हळूहळू विषयच बंद झाला.

त्याचं काम मला समजावं म्हणून त्यानं मला खूप समजावलं आहे. त्याची कंपनी बंगळुरूला, हा इथं घरात. औषधांच्या दुकानांसाठी त्यांचं एक ॲप आहे, देशभर चालतं. ते एका ठिकाणी नसतं म्हणे. क्लाउडवर असतं, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या कंप्युटरांवर, थोडं मुंबईत, थोडं हैदराबादेत, थोडं पार परदेशात. कोणी इटारसीत गोळीचं नाव टाकलं तर उत्तर किती वेळात आलं पाहिजे, हे आधी ठरवायचं, कंपनीकडून आणि गिऱ्हाइकाकडून कबूल करून घ्यायचं, आणि मग दिवसभर पहारा द्यायचा की दिलेला शब्द पाळला जातोय का. त्याच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरव्या रेघा हलत असतात. मला वाटायचं कुणाच्या तरी हृदयाचे ठोके आहेत.

"मग सगळंच झटपट करून टाका की," मी म्हटलं.

"सगळंच झटपट करायचं तर बिल बघून मालक झटपट आडवा होतो," तो म्हणाला. "आधी एकच विचारायचं, काकू. थांबलंय कोण? दुकानात बिल निघायचं असेल तर गिऱ्हाईक उभं आहे, तिथं क्षणाचाही उशीर नको. महिन्याचा हिशोब सावकाश निघाला तरी कुणाचं अडत नाही. आणि सरासरीवर कधी जायचं नाही. सरासरी नेहमी छान असते. शंभरातला एकजण तिथं ताटकळतच असतो, त्याला बघायचं."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी दाराशी उभी असताना ऑफिसच्या फोनवरही ऐकलंय. पलीकडं कोणी तरी साहेब तडतडत असतो, सगळं एका सेकंदात पाहिजे म्हणून, आणि हा शांतपणे विचारतो, "जी सर, लेकिन रुका हुआ कौन है?" मला फार मजा वाटते.

आता त्याच्या वडिलांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गोविंदराव, सगळे नानाच म्हणतात. रेल्वे वर्कशॉपात फोरमन होऊन निवृत्त झाले. आवाज असा की स्वयंपाकघरात भांडं घुमावं. मूळ घराणं इथल्याच जवळच्या गुरसराय गावचं. तिथल्या कुणा पणजोबांनी गणपतीची एक आरती रचली होती, ती फक्त त्यांच्याच घरात म्हणतात. दुसरीकडे कुठे नाही. तिसऱ्या कडव्यात मध्येच थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि मग तीन टाळ्या. बाहेरचं माणूस तिथं हमखास चुकतं. मी चाळीस वर्षं त्यांच्या देवापुढं उभी राहिले आणि दर वर्षी चुकीच्या जागी टाळी वाजवली. नाना डोळे न उघडता म्हणायचे, "वहिनी, आल्या का तुम्ही?"

त्या आरतीत नानांच्या उजव्या हाताला रत्नाकर. सहा वर्षांचा असल्यापासून त्याची ती जागा. हातात घंटा, आणि वडिलांच्या आवाजाला आवाज लावून. धाकटी बहीण विद्या मात्र मुलांबरोबर खिरापतीवर डोळा ठेवून असायची, तिला ती आरती कधी धड आलीच नाही.

विद्या आता कॅनडात, एडमंटनला. रत्नाकरची आई गेली, नाना न्हाणीघरात पडले, मग त्यांना गोष्टींचा विसर पडायला लागला. एक दिवस गॅस चालू ठेवून फिरायला गेले. रत्नाकर आपल्या पडद्यापुढं, दार लावून, कानात ते इअरफोनचे बोळे. वास मला आला म्हणून निभावलं. विद्या आली आणि म्हणाली, "दादा, मी नेते." आणि यानं हो म्हटलं. मी त्याला फार बोलले तेव्हा. बाप कुणी पार्सल करतं का, असंही बोलले. स्टेशनवर गाडी सुटल्यावर फलाटावरच्या बाकावर बसला तो उठेना. तेव्हा मला माझ्या जिभेची लाज वाटली, पण उशीर झाला होता.

मागच्या वर्षी चतुर्थीला ठरलं की आरती व्हिडिओवर करायची. इथं संध्याकाळ, तिथं सकाळ. विद्यानं नानांना सोवळं नेसवून पडद्यापुढं बसवलं. मी इथं, रत्नाकरच्या शेजारी. आरती सुरू झाली आणि पहिल्याच कडव्यात सगळा विचका. नाना म्हणतात ते आम्हाला उशिरा येतं. आम्ही त्यांच्यासाठी थांबतो, ते आमच्यासाठी थांबतात. दारात दोन माणसं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडकावीत तसं झालं. आरती हळू हळू हळू होत गेली आणि बंदच पडली. तीन टाळ्यांच्या जागी त्यांच्या तीन, आमच्या तीन, माझी भलतीच एक, असा पाऊस. नानांनी डोळे उघडले. लाल झाले. "टिंगल करताय काय माझी? म्हातारा झालो म्हणून?" आणि ताम्हन ढकलून दिलं. मग रडायला लागले. नाना! वर्कशॉपातली माणसं ज्यांना बघून विडी विझवायची, ते नाना.

त्यानंतर कित्येक दिवस ते विद्याशी बोलले नाहीत. आता तर एरवीही फारसं बोलत नाहीत. विद्याचं नाव विसरतात, जावयाला "साहेब" म्हणतात. शाबूत राहिली आहे ती आरती. अंघोळीच्या वेळी आपली आपण म्हणतात, अर्धी झाली की अडकतात, आणि उजवीकडे बघतात.

या वर्षी श्रावण संपता संपता विद्याचा फोन आला. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. तिनं स्पष्ट सांगितलं, "दादा, ते सारखं विचारतात, गणपती कधी. मला 'नाही' म्हणवत नाही. पण मागच्यासारखं झालं तर मी पुन्हा कधी लावणार नाही. त्यांना नंतर सावरायला मी एकटी असते." रत्नाकर म्हणाला, "बरोबर आहे तुझं." फोन ठेवला आणि पडद्याकडं बघत बसला. त्या दिवशी पडद्यावरच्या रेघा छान हिरव्या होत्या, मेल्या.

मी म्हटलं, "आरती रेकॉर्ड करून पाठव की. एवढं काय?"

"पाठवली होती. नाना कडव्यात अडकले आणि रेकॉर्ड पुढं निघून गेली. ते म्हणाले, हा रत्नाकर नाही. रत्नाकर थांबला असता."

मग त्यानं कामाला घेतलं. ऑफिस सुटलं की हेच. गावोगावचे कंप्युटर भाड्यानं घेऊन बघायचा, आवाज सिंगापूरवरून लवकर पोचतो का युरोपवरून. घरातलं वाय-फाय काढून तार ओढली, त्यात मी दोनदा अडखळले. चित्र बारीक केलं, आवाज तेवढा मोकळा ठेवला. उशीर कमी होत होत पाव सेकंदाच्याही आत आला. पुढं हटेना.

"अजून कमी कर," मी म्हटलं.

"नाही होणार. अंतरच तेवढं आहे, काकू. वाटेत वेळ जाणारच."

"मग तुझा पगार कशाचा?"

"हेच सांगण्याचा," तो म्हणाला.

तरी त्याला वाटत होतं, एवढ्यावर जमेल. माझ्यावर प्रयोग ठरला. मी माझ्या घरी, तो त्याच्या घरी, मध्ये गल्ली. पण फोनवरचा आवाज जर्मनीतल्या कंप्युटरला शिवून परत येणार, म्हणजे एडमंटनइतकाच उशीर. आरती आपली नेहमीची, मला येणारी. बसले मी पाटावर फोन टेकवून. अहो, काय सांगू! खिडकीतून त्याचा खरा आवाज येतोय आणि फोनमधून तोच मागाहून येतोय. एका कानात आज, एका कानात काल. खाली भाजीवाला उभा राहून बघायला लागला. "काकीजी, सब ठीक है?" मी म्हटलं, "आगे चलो भैया." पुन्हा सुरू केलं, पुन्हा विचका. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मी फोनचा आवाज पार बंद केला, खिडकी धाडकन लावली, आणि डोळे मिटून माझी आरती माझ्या ठेक्यात दणक्यात म्हणून टाकली. म्हटलं, घाल काय गोंधळ घालायचाय तो.

संपते तोच दारात रत्नाकर. अनवाणी. गल्ली ओलांडून धावत आलेला. "काकू, तुम्ही माझं ऐकलंच नाहीत!"

"ऐकून घ्यायला मी काय तुझी सून आहे?"

"तसं नाही हो! तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून जमलं. माझ्याकडं अक्षर न् अक्षर बरोबर लागलं. तुम्ही थांबला नाहीत, मी तुमच्याबरोबर म्हणत गेलो. शेजारी उभं राहून म्हटल्यासारखं." आणि तो माझ्या पायरीवरच बसला. "मी वेड्यासारखा दोन्हीकडचं जमवत बसलो. दोन्हीकडं जमणारच नाही. एकाला बरोबर ऐकू यायचं, तर दुसऱ्यानं ऐकायचंच नाही. एवढी वर्षं लोकांना विचारतोय, थांबलंय कोण. स्वतःला विचारलं नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी मी भडकले. "म्हणजे तू कान बंद करून म्हणणार? वर्षातून एकदा बापाचा तो आवाज, आणि तो पण तू ऐकणार नाहीस?"

"ऐकला की मी थांबतो, काकू. मागच्या वर्षी मीच थांबलो होतो."

"नंतर ऐक मग. साठवून ठेव त्या डब्यात."

"ऐकीन. पण ते नंतर ऐकणं." तो उठला, चप्पल शोधायला लागला, आणि आणलीच नव्हती हे आठवून तसाच गेला.

चतुर्थीला त्यांच्याकडं आम्ही दोघंच. छोटी शाडूची मूर्ती, दूर्वा मी निवडल्या, खिरापत मी केली. सुकं खोबरं किसून भाजलेलं, खडीसाखर, खसखस, नानांना लागते तशी. रत्नाकरनं मला कामं वाटून दिली, ऑफिसात देतो तशी. कानात बोळे माझ्या. नानांचा आवाज फक्त मला. मी म्हणायचं नाही, टाळी तर मुळीच वाजवायची नाही. नाना अडकले असं वाटलं तर हात वर करायचा, म्हणजे तो शेवटचं अक्षर धरून ठेवील. पुन्हा सुरू झाले की हात खाली. पडद्याकडं तो पाठ करून उभा राहणार, कारण हलणाऱ्या ओठांकडं बघितलं तरी माणूस थांबतो म्हणे.

पडदा लागला. नाना किती लहान दिसत होते. त्यांच्यामागं विद्या, चेहरा ओढलेला. नाना देवाकडं बघत होते, आमच्याकडं नाही. त्यांचा आवाज माझ्या कानात आला, "रत्नाकर, कर सुरू." मी खूण केली. त्यानं घंटा उचलली.

त्यानं सुरू केलं आणि मला पहिल्यांदा कळलं की तो काय करतो आहे. त्या खोलीत दुसरा आवाजच नव्हता. एक माणूस भिंतीकडं तोंड करून, पोकळीत, मोठ्यानं आरती म्हणतोय. कुणी साथ द्यायला नाही, कुणी चुकायला नाही. आणि माझ्या कानात मात्र नाना आले, रत्नाकरच्या जरा मागून. एक कडवं झालं, दुसरं झालं. नाना थांबले नाहीत. आवाज चढत गेला. विद्यानं पदरानं तोंड झाकलं.

तिसऱ्या कडव्यात नानांचा शब्द हरवला. मी हात वर केला. रत्नाकरनं अक्षर धरलं. धरून ठेवलं, धरून ठेवलं, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी मनात म्हणतेय, या नाना, या हो. आणि आले! मी हात खाली केला. श्वास. रत्नाकरनं तीन टाळ्या वाजवल्या, एकट्यानं, त्या रिकाम्या खोलीत. पाठोपाठ माझ्या कानात तीन टाळ्या, ठणठणीत. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

आरती संपली. नानांनी डोळे उघडले. रागावले नव्हते, रडत नव्हते. चेहरा असा निवळलेला, जणू वर्कशॉपातून पगार घेऊन घरी आलेले नाना. त्यांनी ताटलीतून खिरापत घेतली आणि पडद्याकडं न बघता हात उजवीकडं केला. तिथं कुणी नव्हतं. काही तरी म्हणाले. हात तसाच राहिला. मग विद्या पुढं आली, दादाच्या जागी उभी राहिली, आणि तिनं ओंजळ पसरून ती खिरापत घेतली. नानांनी तिच्याकडं वर बघितलंही नाही. समाधानानं मान हलवली आणि आपली खिरापत चावत बसले.

रत्नाकर आता वळला होता. त्यानं तो हात बघितला होता, ओठ हलताना बघितले होते. "काय म्हणाले?"

माझी ही जीभ, कधी म्हणून अडली नाही. अडली.

"काकू, काय म्हणाले?"

"म्हणाले, रत्नाकर, प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

त्यानं उजवा हात पुढं केला, माझ्याकडं. मी त्यावर खिरापत ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली, आणि किती तरी वेळ नुसती तोंडात धरून उभा राहिला.

मग विचारलं, "आवाज कसा होता त्यांचा?"

"तसाच आहे रे," मी म्हटलं. "घुमतो अजून."